बारा कैदी आणि कापसाचा हिशोब : आयडा वेल्स यांचा एलेन तपास

1920 च्या जानेवारीत, एका रविवारी, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लिटल रॉकच्या तुरुंगात एक बाई बारा कैद्यांना भेटायला गेली. बाराही जणांना खुनाबद्दल मृत्युदंड झालेला होता. सरत्या हंगामात तुम्ही किती एकर जमीन कसलीत, कापूस किती निघाला, मका किती, गुरे-डुकरे किती होती, आणि त्या सगळ्याचे पुढे काय झाले, असे तिने त्यांना विचारले. गोळीबाराबद्दल, मारहाणीबद्दल, पकडून नेल्याबद्दलही विचारले. पण या प्रकरणाची किल्ली मला त्या एकरांच्या आणि कापसाच्या प्रश्नात दिसते. सरकारच्या लेखी खुनी सापडले होते, खटला संपला होता, विजेची खुर्ची तेवढी बाकी होती. खरा खुनी कोण, हे शोधायला निघालेली ही बातमीदार बाई मृतांच्या यादीबरोबर पिकाची यादीही मागत होती.

तिचे नाव आयडा बी. वेल्स-बार्नेट. वय 57. तिला तिथे कोणी ओळखले असते तर ती परत आली असती का, याची खात्री देता आली नसती.

एलेनला काय घडले

एलेन हे आर्कान्सातल्या फिलिप्स काउंटीतले (म्हणजे जिल्ह्यातले) छोटेसे गाव. मिसिसिपी नदीने आणलेल्या गाळाची जमीन, सगळीकडे कापूस. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची, कसणारे बहुतेक कृष्णवर्णीय, आणि संख्येने ते गोऱ्यांहून कितीतरी जास्त. शेती अर्धेलीने चाले. हंगामाच्या सुरुवातीला कुळाने मालकाकडून धान्य, कपडालत्ता, अवजारे उचल म्हणून घ्यायची, बहुधा मालकाच्याच दुकानातून आणि तो सांगेल त्या भावाने. कापूस वेचून झाला की तो मालक विकणार. काय भावाने विकला ते मालक सांगणार. उचल किती झाली होती तेही मालकाच्याच वहीत. वर्षभर राबून शेवटी कुळाच्या अंगावर कर्जच उरायचे. सावकाराच्या वहीची गोष्ट ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धानंतर कापसाचा भाव चांगलाच चढला होता. त्यामुळे 1919 मध्ये प्रथमच कुळांना हिशोब मागण्यात अर्थ दिसू लागला. रॉबर्ट हिल नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर्स अँड हाउसहोल्ड युनियन ऑफ अमेरिका’ ही संघटना बांधली होती. तिची मागणी साधी होती: उचलीचा कलमवार हिशोब द्या आणि कापसाला बाजारभाव द्या. युलिसिस ब्रॅटन या गोऱ्या वकिलाशी बोलणीही सुरू झाली होती.

30 सप्टेंबर 1919 च्या रात्री एलेनच्या उत्तरेला हूप स्पर इथल्या छोट्या चर्चमध्ये संघटनेची बैठक होती. आत बायका-मुलेही होती. हल्ल्याची भीती असल्याने बाहेर हत्यारबंद पहारा ठेवलेला होता. रात्री उशिरा चर्चजवळ एक मोटार येऊन थांबली. त्यात रेल्वेचा एक गोरा सुरक्षा अधिकारी, एक गोरा डेप्युटी शेरीफ आणि त्यांच्या दिमतीला असलेला एक कृष्णवर्णीय कैदी होता. गोळीबार झाला. रेल्वेचा अधिकारी जागीच ठार झाला, डेप्युटी जखमी झाला.

पहिली गोळी कोणाची? सरकारी बाजूने सांगितले की मोटार सहज थांबली असताना दबा धरून हल्ला झाला. कुळांनी सांगितले की आधी चर्चवर गोळ्या आल्या. ज्या भिंतींनी याचे उत्तर दिले असते त्या लवकरच उरल्या नाहीत. चर्च जाळून टाकण्यात आले. गोळ्यांच्या खुणा पुसण्यासाठीच ते जाळले, असे आरोपींच्या बाजूचे म्हणणे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आर्कान्सातून आणि नदीपलीकडच्या मिसिसिपी राज्यातून शेकडो हत्यारबंद गोरे एलेनच्या परिसरात उतरले. शेतात, वेळूच्या रानात, घरात, रस्त्यावर दिसेल त्या कृष्णवर्णीयावर गोळ्या झाडल्या गेल्या. 2 ऑक्टोबरला गव्हर्नर चार्ल्स ब्रफ स्वतः पाचशेहून अधिक सैनिक घेऊन आले. शेकडो कृष्णवर्णीयांना धरून कोंडवाड्यात टाकले गेले आणि ज्याच्याबद्दल कोणी गोरा मालक हमी देईल त्यालाच सोडले गेले. पाच गोरे मेले. कृष्णवर्णीय किती मेले याचा आकडा कोणी नीट मोजलाच नाही. अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या पुढे जातात. मोजणीची ही टाळाटाळ मी पुराव्यातच धरतो. ज्या प्रशासनाने पाच मृतांसाठी खटले भरले, त्याने बाकीच्यांची प्रेते मोजायचीही तसदी घेतली नाही.

सरकारी उत्तर

काउंटीचे मुख्य ठिकाण हेलेना. तिथल्या प्रतिष्ठित गोऱ्यांची ‘सात जणांची समिती’ चौकशीला बसली. तिने निष्कर्ष काढला की कुळांची संघटना म्हणजे गोऱ्यांना ठार मारून जमिनी बळकावण्याचा कट होता. वर्तमानपत्रांनी तो जसाच्या तसा छापला. ऑक्टोबर संपता संपता 122 कृष्णवर्णीयांवर आरोप ठेवले गेले, त्यांतल्या 73 जणांवर खुनाचे. ज्यांनी शेकडो बंदुका घेऊन शेते पालथी घातली, त्यांच्यातल्या एकावरही नाही.

3 नोव्हेंबरला खटले सुरू झाले. ज्युरी सगळी गोरी. न्यायालयाने नेमलेल्या वकिलांनी आरोपींशी आधी सल्लामसलत केली नाही, बचावाचा एक साक्षीदार बोलावला नाही, आरोपींना साक्षीला उभे केले नाही, खटला दुसऱ्या काउंटीत हलवण्याची मागणीही केली नाही. पहिल्या खटल्यात ज्युरी आठ मिनिटांत दोषी ठरवून परत आली. काही दिवसांत बारा जणांना मृत्युदंड झाला. बाकीच्या कित्येकांनी त्या निकालांकडे पाहून दुय्यम खुनाचा गुन्हा कबूल केला आणि कैद पत्करली.

तीस वर्षांपूर्वीचा धडा

वेल्सबाई या प्रकरणात कापसाचा प्रश्न घेऊन का आल्या, हे कळायला मेम्फिसला जावे लागते.

त्यांचा जन्म 1862 चा, मिसिसिपीतल्या होली स्प्रिंग्जचा, गुलामीतला. सोळाव्या वर्षी पीतज्वराच्या साथीत आई-वडील गेले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी त्या शिक्षिका झाल्या. पुढे मेम्फिसमध्ये ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या. तिथे त्यांचे मित्र थॉमस मॉस आणि त्यांचे साथीदार ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचे किराणा दुकान चालवत. समोरच एका गोऱ्याचे दुकान होते आणि त्याचे गिऱ्हाईक तुटत होते. भांडण पेटवले गेले, पोलीस आले, आणि 9 मार्च 1892 च्या पहाटे झुंडीने मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. मॉसच्या मुलीच्या वेल्सबाई धर्ममाता होत्या.

तोपर्यंत झुंडबळींबद्दल जे सांगितले जाई, की गोऱ्या स्त्रीवर बलात्कार झाल्याने जमाव खवळतो, ते त्यांनीही बहुतांशी खरे मानले होते. तसे त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहिले. पण मॉसने कोणावर बलात्कार केला नव्हता. त्याने दुकान नीट चालवले होते. मग त्यांनी एकेक झुंडबळीचे प्रकरण हाती घेऊन तपासायला सुरुवात केली. बळी गेलेल्या माणसाने काय केले म्हणतात, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्याच्या मरणाने कोणाचे फावले, हेही पाहू लागल्या. त्यावरच्या संपादकीयानंतर 27 मे 1892 ला झुंडीने त्यांचा छापखाना उद्ध्वस्त केला. त्या बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या. परत आलात तर जिवंत राहणार नाही, असा निरोप मिळाला. तेव्हापासून दक्षिण त्यांना बंद झाली.

त्यांच्या कामातली आणखी एक शिस्त सांगायला हवी. आपल्या लिखाणात त्या गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतले आकडे आणि वर्णने वापरत. कृष्णवर्णीय बाईचा शब्द कोणी मानणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी मारणाऱ्यांच्या बाजूचेच कागद साक्षीला उभे केले. एलेनमध्ये नेमकी अडचण ही होती की कागदांत फक्त समितीची गोष्ट होती. दुसरी बाजू गजांच्या आड बसलेली होती.

दोन वेषांतरे

वेल्सबाईंच्या आधी एक धाडस होऊन गेले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट ऑक्टोबर 1919 मध्ये तिथे गेले. ते स्वतः कृष्णवर्णीय, पण त्यांचा रंग गोरा, डोळे निळे. शिकागोच्या एका दैनिकाचे बातमीदार म्हणून ते गव्हर्नरांना भेटले आणि हेलेनापर्यंत पोचले. तिथे त्यांचे खरे रूप फुटले आणि कोणीतरी वेळेवर सावध केल्याने ते आगगाडी पकडून निसटले. त्यांनी बाहेर आणलेली माहिती मोलाची होती. पण कैद्यांपाशी बसून सविस्तर बोलणे त्यांना जमले नाही.

वेल्सबाईंनी शिकागोच्या ‘डिफेंडर’ पत्रातून आर्कान्साच्या कैद्यांसाठी मदतीचे आवाहन केले होते. त्यानंतर त्या बारांतल्या एकाचे पत्र त्यांना आले. त्या निघाल्या. जवळजवळ तीस वर्षांनी प्रथमच दक्षिणेत. लिटल रॉकला उतरून त्या थेट पत्रात दिलेल्या पत्त्यावर गेल्या. तिथे कैद्यांच्या बायका आणि आया जमलेल्या होत्या. त्या नेहमी तुरुंगात भेटीला जात. त्यांच्यातच, कोणाच्या डोळ्यात भरणार नाही अशा साध्या वेशात, वेल्सबाई सामील झाल्या.

पुढचा प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रात आहे. फ्रँक मूरच्या बायकोने कैद्यांना सांगितले की ही माझी नात्यातली बहीण सेंट लुईसहून आली आहे, हात मिळवा. गजांमधून हात जाईल एवढी जागा होती. पहारेकरी पन्नासेक फुटांवर रविवारचा पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली तेव्हा त्याला नेहमी येणाऱ्या बायकांचा घोळका दिसला. तो पुन्हा पेपरात गढला. मग मूरबाईंनी पुढे वाकून हळूच सांगितले की या शिकागोच्या मिसेस बार्नेट. कैद्यांच्या चेहऱ्यांवर आनंद उमटला. वेल्सबाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि बाराही चेहरे क्षणात कोरे झाले.

व्हाइट यांना गोऱ्या पुरुषाचे सोंग सांभाळावे लागले. ते उघडे पडण्याचा धोका प्रत्येक वाक्यागणिक होता. वेल्सबाईंना एवढे मोठे सोंग घ्यावे लागले नाही. गरीब कृष्णवर्णीय बाईकडे नीट पाहायचेच नाही, ही त्या समाजाची सवय होती, आणि तिच्याच आडोशाने त्या आत गेल्या. ज्या तुच्छतेने एलेनची प्रेते न मोजता सोडली, तिनेच तुरुंगाचे दार उघडले. तपासाच्या कलेतली यापेक्षा धीट चाल मला माहीत नाही.

हिशोब

त्यांनी कैद्यांना आठवेल ते सगळे लिहून काढायला सांगितले. दिवसभर त्या तिथे थांबल्या. रात्र जवळजवळ सगळी जागून बायकांच्या हकिकती उतरवून घेतल्या, कारण बायकाही हेलेनाच्या तुरुंगात डांबल्या गेल्या होत्या, त्यांच्याकडून कामे करून घेतली होती, आणि सुटून घरी गेल्या तेव्हा घर, भांडीकुंडी, कपडे, काही शिल्लक नव्हते. मग शिकागोला परतून त्यांनी ‘द आर्कान्सा रेस रायट’ ही पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी छापली.

त्या पुस्तिकेत कबुलीजबाब कसे मिळवले ते आहे: चाबकाचे फटके, नाकाशी धरलेले गुदमरवणारे रसायन, विजेच्या खुर्चीची भीती. जॉन्स्टन बंधूंची हकिकतही आहे. ते चौघे भाऊ, त्यांत एक दंतवैद्य आणि एक डॉक्टर, शिकारीहून परतत असताना धरले गेले आणि मारले गेले. संघटनेशी त्यांचा संबंधही नव्हता.

आणि मग त्या हिशोबाला बसतात. प्रत्येक कैद्याचे एकर, प्रत्येकाचा कापूस, मका, जनावरे, घरातले सामान, त्याची बाजारभावाने किंमत. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचा महिना. कापूस शेतात फुटलेला होता आणि कसणारे तुरुंगात किंवा मातीत होते. तो कापूस कोणीतरी वेचला, कोणीतरी विकला. ज्यांच्या नावावर तो पिकला त्यांना एक डॉलरही मिळाला नाही. हाती आलेल्या थोड्या कुटुंबांच्या आकड्यांवरून त्यांनी मृत्युदंड झालेले, कैदेत गेलेले आणि मारले गेलेले, अशा सगळ्यांच्या पिकाची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात काढली.

या आकड्याशी मी जरा थांबतो. तो थोड्या कुटुंबांवरून सगळ्यांना ताणलेला आहे, आणि मूळ माहिती आरोपींच्या तोंडची आहे. आज कोणी हिशोबतपासनीस तो असाच मान्य करणार नाही. पण रकमेपेक्षा तिच्यामागचा प्रश्न मला मोठा वाटतो. सरकारच्या गोष्टीत कुळांनी का मारावे याचे कारण एक कल्पित कट होता. वेल्सबाईंनी उलट बाजूला खरे, मोजता येणारे कारण ठेवले. हिशोब मागणारी संघटना वेचणीच्या तोंडावर मोडली गेली आणि कापूस मालकांच्या पदरात राहिला. मेम्फिसमध्ये किराणा दुकान, एलेनमध्ये कापूस. खुनी ओळखायला त्यांनी दोन्ही वेळा एकच वाट धरली, आणि ती वाट काही दहा-बारा माणसांपाशी थांबत नव्हती. मळेवाले, त्यांच्या झुंडी, त्यांना पाठीशी घालणारी समिती, अशी ती पुढे जात होती.

पुस्तिकेच्या हजार प्रती काढल्या आणि बहुतेक आर्कान्सातच वाटल्या.

न्यायालयात

पुस्तिकेने खटला जिंकला असे मी म्हणणार नाही. तो जिंकला लिटल रॉकचे कृष्णवर्णीय वकील स्किपिओ जोन्स यांनी, एनएएसीपीच्या पाठबळाने आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या जॉर्ज मर्फी या गोऱ्या वकिलाने, जो एकेकाळी गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) सैन्यातून लढला होता. मर्फी आजारी पडल्यावर हेलेनातली फेरसुनावणी जोन्स यांनी एकट्याने पेलली. त्या दिवसांत ते रोज रात्री वेगळ्या घरी झोपत.

1921 मध्ये प्रकरण आतून फुटले. टी. के. जोन्स आणि एच. एफ. स्मिडी या रेल्वेच्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रे दिली. साक्षीदारांना फटके मारले, छळले, आणि हे आम्ही स्वतः केले, अशी त्यांनी कबुली दिली. वर्षभरापूर्वी गजांआडून जे वेल्सबाईंना सांगितले गेले होते, ते आता मारणाऱ्यांच्या बाजूच्या माणसांनीच शपथेवर सांगितले.

19 फेब्रुवारी 1923 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’ या खटल्यात सहा विरुद्ध दोन मतांनी कैद्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले की, आरोप खरे असतील तर, ज्या ज्युरी सदस्याने सुटकेच्या बाजूने मत दिले असते तो फिलिप्स काउंटीत जगू शकला नसता. झुंडीच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, आणि राज्याचे न्यायालय ते सुधारत नसेल तर संघराज्याच्या न्यायालयाने पाहिले पाहिजे, हे तत्त्व यातून पुढे आले. अमेरिकेच्या फौजदारी न्यायात ही मोठी कलाटणी होती.

बारांपैकी सहा जण जून 1923 मध्ये सुटले. उरलेल्या सहांची शिक्षा आधी बारा वर्षांवर आली आणि जानेवारी 1925 मध्ये गव्हर्नर थॉमस मॅक्रे यांनी त्यांना सोडले. कृष्णवर्णीयांच्या या हत्यांबद्दल एकाही गोऱ्यावर कधी खटला चालला नाही. खुनी कोण, हा प्रश्न कागदावर सुटला, न्यायालयात कधीच आला नाही. ते मला आजही सलते.

त्या रविवारचे एक सांगायचे राहिले. तुरुंगात कैद्यांनी गाणी म्हटली, प्रार्थना केली. सगळ्यांत मरणाची आणि परलोकाची भाषा होती. वेल्सबाई उठल्या आणि त्यांनी सांगितले की मरणाबद्दल बोलणे सोडा. सुटण्यासाठी प्रार्थना करा. बायबलमधल्या पॉल आणि सायलस यांच्या तुरुंगाचे दार ज्याने उघडले त्याच देवाला तुम्ही मानता ना?

पुढे एका रविवारी संध्याकाळी शिकागोतल्या त्यांच्या दारात एक तरुण आला. त्याने सांगितले की मी त्या बारांतला एक. तुम्ही येऊन गेल्यावर आम्ही मरणाबद्दल बोललो नाही.